क्लचवरचा डावा पाय

पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनात एक जन्मजात उणीव आहे. उभ्या जागेवरून त्याला भार उचलता येत नाही. वाफेचे इंजिन आणि विजेची मोटर स्थिर अवस्थेतूनही पूर्ण जोराने ओढू लागतात; पेट्रोलचे इंजिन मात्र मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांच्या खाली गेले की गचका खाऊन बंद पडते. शिवाय त्याचा जोर फेऱ्यांच्या एका ठरावीक पट्ट्यातच चांगला मिळतो. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये दोन मध्यस्थ लागतात. इंजिन चालू ठेवून चाकांशी असलेला त्याचा संबंध तोडणारा आणि हळूहळू जोडणारा तो क्लच; फेऱ्या आणि जोर यांचे प्रमाण बदलणारी ती गिअरपेटी. हे दोन्ही सांभाळण्याचे काम सव्वाशे वर्षे माणसाच्या डाव्या पायाकडे आणि एका हाताकडे राहिले. यंत्राने ते काम कधी आणि का काढून घेतले, याचा इतिहास देशागणिक वेगळा आहे. भारतात तो विशेष उशिराचा आहे, आणि या उशिराचे कारण तंत्रज्ञानात शोधून पुरेसे सापडत नाही.

आजची मांडणी बरीचशी फ्रान्समधली आहे. एमिल लेव्हासोर याने 1891 च्या सुमारास पानार-लेव्हासोर कंपनीच्या गाडीत इंजिन पुढे, त्यामागे पायाने दाबायचा क्लच, मग गिअरपेटी आणि शेवटी मागच्या चाकांना चाल, अशी रचना केली. गिअर बदलताना फिरती दातेरी चाके एकमेकांत सरकवावी लागत. दोन्हींचा वेग जुळला नाही तर दातावर दात घासून खरखर होई, कधी दात तुटत. ही पद्धत रांगडी होती, पण मजबूत आणि स्वस्त होती. बाकी सगळ्या युक्त्या मागे पडून तीच टिकली.

टिकली, पण लोकांना आवडली असे मात्र नव्हे. पर्यायांचा शोध त्याच काळात सुरू झाला. बोस्टनच्या स्टर्टव्हंट बंधूंनी 1904 मध्ये वेग वाढला की फिरती वजने बाहेर फेकली जाऊन आपोआप गिअर बदलेल अशी पेटी बनवली. वजने तुटून पडत, म्हणून ती चालली नाही. हेन्री फोर्डने 1908 च्या मॉडेल टी मध्ये सरकत्या दात्यांना फाटाच दिला. त्यात ग्रहमालेसारखी, म्हणजे मधल्या चाकाभोवती छोटी चाके फिरणारी गिअररचना होती. डावे पेडल पूर्ण दाबले की लो, सोडले की हाय, अर्धे दाबले की न्यूट्रल. मधले पेडल रिव्हर्सचे, उजवे ब्रेकचे, आणि पेट्रोल वाढवण्याचा दांडा हाताशी, स्टिअरिंगखाली. आजच्या कोणत्याही ड्रायव्हरला ती गाडी पहिल्या झटक्यात चालवता येणार नाही. पण दाते न घासणारी ही ग्रहमाला पुढे ऑटोमॅटिकच्या पोटात गेली. 1927 पर्यंत दीड कोटी मॉडेल टी बनल्या, म्हणजे अमेरिकेतली एक अख्खी पिढी गिअरचा दांडा न हलवता गाडी शिकली. तिथे ऑटोमॅटिकचे स्वागत लवकर झाले त्यामागे ही सवयही असावी.

सरकत्या दात्यांच्या पेटीला माणसाळवले ते अर्ल थॉम्पसन या अमेरिकी अभियंत्याने. गिअर जुळण्याआधी शंकूच्या आकाराची कडी घासून दोन्ही चाकांचा वेग सारखा करायची, ही त्याची कल्पना. सिंक्रोमेश नावाने ती 1928 मध्ये कॅडिलॅकवर आली. त्याआधी प्रत्येक गिअरसाठी क्लच दोनदा दाबावा लागे: एकदा न्यूट्रलमध्ये येताना, मग ॲक्सिलरेटरने इंजिनाच्या फेऱ्या जुळवून पुन्हा एकदा. भारतातले जुने ट्रकवाले यालाच डबल क्लच म्हणत, आणि तो जमणे हीच ड्रायव्हरकीची खरी परीक्षा समजली जाई. गंमत अशी की मॅन्युअल गिअर सोपा करणारा हाच थॉम्पसन पुढे जनरल मोटर्सच्या ऑटोमॅटिक गिअरच्या कामाचाही प्रमुख झाला.

त्या कामातून निघालेली हायड्रामॅटिक ही मोठ्या संख्येने विकली गेलेली पहिली पूर्ण ऑटोमॅटिक पेटी. 1939 च्या अखेरीस ती ओल्ड्समोबिलच्या 1940 च्या मॉडेलवर 57 डॉलर जादा घेऊन मिळू लागली. तिला पुढचे चार गिअर होते आणि क्लचचे पेडल नव्हते. क्लचच्या जागी होते तेलाचे जोडपात्र. दोन टेबल पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असते आणि दोन्ही पंखे एका बंद पात्रात असतात. गाडी थांबली की दुसरा पंखा थांबतो, पहिला तेल घुसळत राहतो आणि इंजिन बंद पडत नाही. ही कल्पना हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची होती. 1905 मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले ते जहाजांच्या टर्बाइनसाठी. दोन पंख्यांच्या मध्ये तिसरा, तेलाला दिशा देणारा पंखा बसवला की जोर वाढूनही मिळतो. हा टॉर्क कन्व्हर्टर 1948 च्या ब्यूइकवर डायनाफ्लो या नावाने आला आणि पुढे बहुतेकांनी तोच उचलला.

हायड्रामॅटिकची खरी कसोटी रणगाड्यांवर लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम 5 या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिने आणि दोन हायड्रामॅटिक पेट्या होत्या. घाईघाईने भरती झालेल्या पोरांना क्लच शिकवण्याचा वेळ वाचला, आणि युद्धानंतर कंपनीला जाहिरातीत सांगायला रणांगणाचा दाखला मिळाला. 1960 पर्यंत अमेरिकेत बहुतेक नव्या गाड्या ऑटोमॅटिक झाल्या होत्या. त्याबरोबर नव्या चालीचे अपघातही आले. अनेक गाड्यांत रिव्हर्स सर्वांत शेवटी, लोच्या शेजारी असे. पुढे जाण्यासाठी दांडा ओढावा आणि गाडी मागे उसळावी असे होई. राल्फ नेडर यांनी 1965 मधल्या आपल्या पुस्तकात या मांडणीवर बोट ठेवले. अमेरिकी सरकारने 1968 पासून रिव्हर्स आणि पुढचे गिअर यांच्यामध्ये न्यूट्रल असलेच पाहिजे असा नियम केला. पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह हा आज जगभर दिसणारा क्रम त्यातूनच पक्का झाला.

युरोपने या वाटेने जायला नकार दिला. तिथे पेट्रोल महाग, इंजिने लहान. तेलाच्या जोडपात्रात थोडी ताकद घसरून वाया जाते. सहा-आठ सिलिंडरच्या गाडीला ते जाणवत नाही, हजार सीसीच्या गाडीचा मात्र त्याने जीवच जातो. लहान गाडीसाठी निराळा मार्ग डच कंपनी डाफने काढला. तिच्या 1958 च्या व्हेरिओमॅटिक पद्धतीत दातेरी चाके नव्हतीच. रुंद-अरुंद होणाऱ्या दोन कप्प्या आणि त्यांवरून फिरणारा रबरी पट्टा. वेग वाढला की एक कप्पी मिटते, दुसरी उघडते आणि प्रमाण सलग बदलत जाते. ही गाडी मागेही पुढच्याच वेगाने पळू शके, आणि नेदरलँड्समध्ये डाफच्या उलट्या शर्यतीही झाल्या. मोटारींत ही कल्पना बरीच वर्षे अडगळीत राहिली. भारतात ती आली तेव्हा दोन चाकांवर बसून आली. जपानने मात्र अमेरिकेचा कित्ता गिरवला. तिथे ऑटोमॅटिक इतके रुळले की 1991 पासून फक्त ऑटोमॅटिक चालवण्याचा वेगळा परवाना मिळू लागला.

भारतात मोटारी आल्या त्या परदेशी आणि जुळणी केलेल्या. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईला शिवडी येथे जुळणीचा कारखाना उघडला. फोर्डनेही मुंबईत काम सुरू केले. स्वातंत्र्यानंतर सरकारने 1953 मध्ये धोरण ठरवले की इथे सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना जुळणी करता येणार नाही. दोन्ही अमेरिकी कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या. नेमक्या याच वर्षांत अमेरिकेत ऑटोमॅटिक सर्वसामान्य होत होते. त्यामुळे त्या लाटेचे शिंतोडे भारतावर उडाले ते वकिलातींच्या आणि मोजक्या धनिकांच्या आयात गाड्यांपुरतेच. रस्त्यावर उरल्या देशी बनावटीच्या दोन-तीन गाड्या, आणि त्या सगळ्या हाताने गिअर टाकायच्या.

त्यांपैकी मुंबईची ओळख बनली ती फियाट. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. तिथे 1954 पासून फियाट 1100 बनू लागली. त्यातल्या एका मॉडेलला मुंबईकर ‘डुक्कर फियाट’ म्हणत. साठच्या दशकात त्याच घराण्यातले नवे रूप आले आणि सत्तरच्या दशकात त्याचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. या गाडीचा गिअर जमिनीवर नव्हता, स्टिअरिंगच्या दांड्याला होता. त्यामुळे पुढे बाकासारखी सलग सीट बसवता येई आणि ड्रायव्हरशेजारी दोघे दाटीवाटीने मावत. टॅक्सीवाल्यांना हे सोयीचे होते. पण पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते. गाडी सरकत असताना फर्स्ट टाकायला गेले की दात लागत. म्हणून गर्दीत मुंगीच्या पावलाने चालताना टॅक्सीवाला सेकंडमध्येच राहून हाफ क्लचवर गाडी ओढत नेई. क्लच प्लेट घासली जाई ती अशी. स्टिअरिंगपासून पेटीपर्यंत जाणारे सांधे झिजले की गिअर सापडेनासा होई, आणि मग तो कुठे पडतो हे त्या गाडीचा नेहमीचा माणूसच जाणे. अँबॅसडरचीही हीच तऱ्हा होती. पद्मिनीचे उत्पादन 2000 च्या आसपास थांबले. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली.

या चार-पाच दशकांत भारतीय कारखानदारांनी ऑटोमॅटिककडे पाठ का फिरवली, याची नेहमीची कारणे खरी आहेत: पेट्रोल महाग, इंजिने चाळीस-पन्नास अश्वशक्तीची, भाग आयात करावे लागणार, दुरुस्तीला मिस्त्री नाही, आणि वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादी असताना कारखान्याला नवे काही करण्याची निकड नाही. पण या यादीत एक कारण सहसा धरले जात नाही, आणि ते सर्वांत वजनदार वाटते. मोटार विकत घेणारा आणि क्लच दाबणारा ही बहुतेकदा दोन वेगळी माणसे होती. घरच्या गाडीला पगारी ड्रायव्हर, कचेरीच्या गाडीला सरकारी ड्रायव्हर, टॅक्सी मालकाची आणि चालवणारा रोजच्या भाड्यावर, ट्रक शेठचा आणि पाय चालकाचा. ऑटोमॅटिकसाठी जादा पैसे मालकाने मोजायचे आणि गुडघा वाचायचा दुसऱ्याचा. असा व्यवहार बाजारात सहसा होत नाही. उलट ड्रायव्हर स्वस्त असल्याने मालकाला ऑटोमॅटिकची सोय आधीच मिळालेली होती: मागच्या सीटवर बसले की क्लच दाबावा लागत नाही.

हे कारण खरे असेल, तर ज्या वाहनावर मालक स्वतःच बसतो तिथे बदल आधी दिसायला हवा. तो तसाच दिसतो. दुचाकीला पगारी ड्रायव्हर नसतो.

भारतीय स्कूटरचा गिअर डाव्या मुठीत असे. क्लचचा दांडा दाबून मूठच वर-खाली फिरवायची. मुठीवर कोरलेले आकडे खुणेसमोर आणायचे. पुण्याच्या आकुर्डीत बनणाऱ्या बजाज स्कूटर अशाच होत्या. 1972 मध्ये आलेल्या चेतकसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबत. दिवसभर शहरात फिरले की डाव्या मनगटाला रग लागे. त्याच 1972 मध्ये पुण्याच्याच फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने लुना आणली. लुनाला गिअरच नव्हता. वेग वाढला की क्लच आपोआप पकडे. चढावर ती रडत असे आणि पेडल मारून तिला हात, म्हणजे पाय, द्यावा लागे. तरी सायकल चालवता येणाऱ्या कोणालाही ती चालवता येई, आणि शाळाशिक्षिका, कारकून, महाविद्यालयीन मुले, भाजीवाले यांनी तिला डोक्यावर घेतले.

निर्णायक पाऊल 1984 मधले. कायनेटिक आणि जपानची होंडा यांच्या भागीदारीतून कायनेटिक होंडा ही स्कूटर आली. तिला बटनाने सुरू होणारे इंजिन होते आणि डाफच्या तत्त्वावर चालणारी कप्प्या-पट्ट्याची गिअररचना होती. फिरत्या कप्पीतले वजनदार रोळ वेगाबरोबर बाहेर सरकतात, कप्पी मिटते, पट्टा वर चढतो. चालवणाऱ्याने फक्त मूठ पिळायची. खंदे बजाजवाले तिला हसले. तिचा ॲव्हरेज कमी होता आणि पट्टा तुटला तर रस्त्यात मिस्त्री मिळत नसे. पण पुण्यासारख्या स्वतःचे वाहन स्वतः चालवणाऱ्या शहरात तिचा बोलबाला झाला. साडी नेसणाऱ्या स्त्रीला किक मारणे आणि मूठ फिरवून गिअर टाकणे या दोन्हींतून तिने सोडवले, हा बदल मोटारींच्या जाहिरातींनी मिरवलेल्या कोणत्याही बदलापेक्षा मोठा होता. पुढे टीव्हीएसची स्कूटी आणि 2001 पासून होंडा ॲक्टिव्हा यांनी बाजार पार पालटला. गिअरची चेतक 2006 च्या सुमारास थांबली आणि 2009 मध्ये बजाजने स्कूटर बनवणेच सोडले. क्लचचा पहिला मोठा पराभव भारतात झाला तो असा, दुचाकीवर, आणि मोटारींच्या आधी.

कायद्यानेही हा फरक दुचाकीपुरताच मानला. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात बिनगिअरची दुचाकी आणि गिअरची दुचाकी यांचे परवाने वेगळे आहेत, आणि सोळा पूर्ण झालेल्या मुलामुलींना 50 सीसीपर्यंतची दुचाकी चालवण्याची मुभा आहे. मोटारीच्या परवान्यात मात्र मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक असा भेद नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा देणाऱ्याला मॅन्युअल चालवता येत नाही. भारतात ज्याने आयुष्यात क्लच दाबलेला नाही त्यालाही हलक्या वाहनाचा तोच परवाना मिळतो. कायदा लिहिला गेला तेव्हा ऑटोमॅटिक मोटार हा विचार करण्याजोगा प्रकारच नव्हता, हे त्यावरून दिसते.

मोटारीच्या मालकाला स्वतः स्टिअरिंगवर बसवले ते मारुतीने. डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 चा गिअर जमिनीवर होता, चारही पुढच्या गिअरना सिंक्रोमेश होते आणि क्लच इतका हलका की पद्मिनीची सवय असलेल्याचा पाय फळीला आपटे. बँकेतला अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक रविवारी सकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसू लागले. या शाळांच्या गाडीला शिक्षकाच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. पहिले काही दिवस खरा क्लच तोच दाबत असतो. शिकणाऱ्याची कसोटी लागे ती चढावर: हँडब्रेक सोडत, क्लच पकडेपर्यंत उचलत, मागच्या गाडीवर न घसरता निघणे. त्या एका क्षणाच्या धास्तीने परवाना खिशात असूनही कपाटाबाहेर किल्ली न काढणारे पुष्कळ होते.

तरी ऑटोमॅटिक लगेच आले नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मारुतीने झेन आणि एस्टीमच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या विकून पाहिल्या. पुढे होंडा सिटीत पट्ट्याची सीव्हीटी आली, ह्युंदाईने आय 10 मध्ये ऑटोमॅटिक दिले, आणि महिंद्राने 2008 मध्ये नाशिकला बनणाऱ्या स्कॉर्पिओला टॉर्क कन्व्हर्टरची पेटी बसवली. यांतली एकही गोष्ट मुख्य प्रवाहात गेली नाही. किंमत बरीच वाढे, ॲव्हरेज घटे, आणि जुनी ऑटोमॅटिक विकायला काढली की गिऱ्हाईक नाक मुरडे. डाव्या पायाला पोलिओ किंवा अपघाताने दुबळेपण आलेल्यांसाठी मात्र या गाड्या चैन नव्हत्या. त्यांना स्वतः गाडी चालवण्याचा तोच सुकर मार्ग होता, आणि कित्येकांनी त्या जुन्या बाजारातून शोधून घेतल्या. 2013 मध्ये चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय सात गिअरच्या दुहेरी क्लचच्या पेटीसह आली. एक क्लच विषम गिअरांचा, दुसरा समांचा, आणि पुढचा गिअर आधीच लागून तयार. तंत्र अप्रतिम, पण ते हौशी लोकांचे.

कोंडी फुटली फेब्रुवारी 2014 मध्ये, ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत आलेल्या मारुती सेलेरिओने. इथली युक्ती थोर नव्हती; किफायतशीर होती. नेहमीची मॅन्युअल गिअरपेटी आणि नेहमीची क्लच प्लेट तशीच ठेवायची आणि वर दोन यांत्रिक हस्तक बसवायचे. एक क्लच दाबतो, दुसरा गिअर टाकतो, आणि संगणक दोघांना हुकूम सोडतो. ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन, बोलीत एएमटी. मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीने हे तंत्र शर्यतीच्या आणि महागड्या गाड्यांसाठी विकसित केले होते. ते स्वस्त करून बसवल्यावर सेलेरिओची किंमत मॅन्युअलपेक्षा साधारण चाळीस हजार रुपयांनीच वाढली. आणि पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय संस्थेने प्रमाणित केलेला ॲव्हरेज मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक दोन्हींना सारखाच होता: लिटरला 23.1 किलोमीटर. तेलात ताकद घसरत नाही म्हणून असे होते. गेली साठ वर्षे भारतीय गिऱ्हाइकाने ऑटोमॅटिकवर घेतलेले दोन्ही आक्षेप एकदम उणावले. त्याच वर्षी टाटांनी रांजणगावला बनणाऱ्या झेस्टच्या डिझेल आवृत्तीला एएमटी दिली, 2015 मध्ये नॅनोला आणि महिंद्राच्या, चाकणला बनणाऱ्या टीयूव्ही 300 लाही ती मिळाली. तोवर शहरांतली वाहतूकही अशी झाली होती की अंधेरी ते दादर किंवा हिंजवडी ते शिवाजीनगर जाताना क्लच शेकडो वेळा दाबावा लागे, आणि तो दाबणारा आता गाडीचा मालक होता.

एएमटीची किंमत चालीत मोजावी लागते. गिअर बदलताना हस्तक क्लच तोडतो, त्या क्षणी गाडीचा ओढा थांबतो आणि बसलेल्यांच्या माना पुढे डुलतात. ॲक्सिलरेटर किंचित सोडला की हा हिसका कमी होतो, हे चालवणारे अनुभवाने शिकले. म्हणजे पाय मोकळा झाला तरी गिअर कधी पडणार याचे भान सुटले नाही.

मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर येणाऱ्याची पहिली अडचण म्हणजे मोकळा झालेला डावा पाय. तो सवयीने क्लच शोधतो आणि रुंद ब्रेकवर जोराने पडतो. गाडी जागच्या जागी आदळते. म्हणून सुरुवातीला डावा पाय मागे दुमडून ठेवण्याचा आणि ब्रेक व ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने दाबण्याचा नियम शिकवतात. दुसरी गोष्ट गाडीचे आपोआप सरकणे: ड्राइव्हमध्ये ब्रेक सोडला की टॉर्क कन्व्हर्टरची गाडी हळूच पुढे निघते. गर्दीत हे वरदान ठरते, पण गॅरेजच्या भिंतीजवळ संकट. पहिल्या पिढीच्या काही एएमटी सरकत नसत आणि चढावर मागे येत. नंतर सरकण्याची आणि चढावर काही क्षण ब्रेक धरून ठेवण्याची सोय बहुतेकींत आली. तिसरी गोष्ट घाटाची. बोरघाट किंवा आंबेनळी चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा महाराष्ट्रातल्या ड्रायव्हरांचा जुना दंडक, कारण इंजिनाचाच ब्रेक होतो. ऑटोमॅटिक मात्र उतारावर ॲक्सिलरेटर सोडलेला पाहून वरचा गिअर टाकते आणि मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून ढिले पडतात. त्यासाठी दांड्यावर लोची किंवा हाताने गिअर धरून ठेवण्याची जागा दिलेली असते. ती कधी वापरायची हे ज्याने मॅन्युअलवर घाट उतरला आहे त्याला सांगावे लागत नाही. थेट ऑटोमॅटिकवर शिकलेल्याला सांगावे लागते, आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ते क्वचितच सांगितले जाते.

मधल्या वाटाही निघाल्या. 2020 मध्ये ह्युंदाई व्हेन्यूत क्लचचे पेडल काढून गिअरचा दांडा तसाच ठेवला होता. दांड्याला हात लागला की यंत्र क्लच दाबते. फेब्रुवारी 2024 मध्ये टाटांनी टियागो आणि टिगोरच्या सीएनजी आवृत्त्यांना एएमटी दिली. तोवर सीएनजी घ्यायचा म्हणजे क्लच स्वीकारायचा असेच समीकरण होते. भाड्याच्या टॅक्सी मात्र अजून बहुतांश मॅन्युअलच आहेत. तिथे मालक आणि पाय यांची जुनी फारकत कायम आहे.

विजेच्या गाडीने हा सगळा वादच मोडीत काढला. विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर देते आणि हजारो फेऱ्यांपर्यंत पळते, म्हणून तिला ना क्लच लागतो ना बदलते गिअर. एकच कायमचे प्रमाण पुरते. 2001 मध्ये बंगळुरूत बनलेली इवलीशी रेवा दोनच पेडलची होती. जानेवारी 2020 मध्ये आलेली, रांजणगावला बनणारी टाटा नेक्सॉन ईव्हीही तशीच, आणि त्याच महिन्यात बजाजने पुन्हा बाजारात आणलेली चेतकही विजेवरची, मुठीत गिअर नसलेली. मुंबईत बेस्टची जुनी डिझेलची दुमजली बस सप्टेंबर 2023 मध्ये थांबली. तिची जागा घेणाऱ्या विजेच्या दुमजली बसमध्ये क्लचचे पेडल नाही. पगारी ड्रायव्हरच्या डाव्या पायाला सुटका मिळाली ती अशी आडवळणाने, इंधन बदलल्यामुळे. इकडे हौशी मंडळींसाठी ह्युंदाईने 2023 मध्ये आयोनिक 5 एन ही विजेची गाडी काढली. तिच्यात एक बटन दाबले की संगणक आठ खोट्या गिअरांचे हिसके देतो आणि स्पीकरमधून इंजिनाचा आवाज काढतो.